व्हीएमची डिस्क अडते तेव्हा: ड्रायव्हर, सेक्टर आणि ब्लॉक साइजचा गुंता

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) एका होस्टवरून, म्हणजे ती चालवणाऱ्या संगणकावरून, दुसऱ्यावर नेली, डिस्कची बस बदलली किंवा मागचं स्टोरेज बदललं, आणि मशीन उठेना. अशा वेळी बहुतेक जण एकदम चार गोष्टींना हात घालतात: बस साटा करून बघतात, कॅशे मोड बदलतात, ब्लॉक साइज ४०९६ करतात आणि जमलं तर मशीन टाइपही बदलून टाकतात. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

मशीन कुठल्या पायरीवर अडली हे आधी बघावं. डिस्कच दिसत नसेल तर ड्रायव्हर. डिस्क दिसते, आकारही बरोबर आहे, पण पार्टिशन दिसत नाहीत, तर लॉजिकल सेक्टर, म्हणजे डिस्क बाहेर सांगते तो सेक्टरचा आकार, बदललाय. पार्टिशन दिसतात पण माउंट होत नाहीत, तर फाइलसिस्टिमने आपल्या पोटात जपलेला सेक्टरचा आकार आणि डिस्क आता सांगते तो आकार जुळत नाही. आणि सगळं चालतं पण रडतखडत, तर प्रश्न अलाइनमेंटचा (पार्टिशनची सुरुवात खालच्या सेक्टरच्या हद्दीशी न जुळण्याचा), इमेजच्या क्लस्टरचा किंवा खालच्या स्टोरेजच्या ब्लॉकचा. ड्रायव्हरच्या दुखण्यावर ब्लॉक साइजची गोळी चालत नाही, आणि उलटही नाही.

(कमांडची आणि ऑप्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत.)

विंडोज आणि ७बी

विंडोजची मशीन आयडीई किंवा साटा डिस्कवर बसवलेली असते. कोणीतरी सांगतं की व्हर्टआयओ, म्हणजे व्हीएमसाठीच बनवलेली बस, वेगवान आहे, म्हणून बस बदलली जाते आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, स्टॉप कोड ०x७बी. डिस्क ठणठणीत असते. बूटलोडर फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, म्हणून कर्नलपर्यंत गाडी पोचते. तिथून पुढे विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो बूटच्या वेळी लोड होणाऱ्या यादीत नसतो.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. ‘ड्रायव्हर तर इन्स्टॉल केला होता!’ केला असेल, पण ड्रायव्हरचं पॅकेज विंडोजच्या साठ्यात असणं वेगळं आणि त्याची सेवा बूट-स्टार्ट म्हणून नोंदली जाणं वेगळं. ती नोंद विंडोजला ते हार्डवेअर प्रत्यक्ष दिसल्यावर होते. म्हणून खात्रीचा मार्ग असा: मूळ डिस्क आहे त्या बसवर राहू द्या. दुसरी, १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ बसवर जोडा. मशीन सुरू करा, व्हर्टआयओ-विन आयएसओमधून ड्रायव्हर द्या आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण गेली का ते बघा. मग मशीन पूर्ण बंद करा, नुसती रीस्टार्ट नको. रिकामी डिस्क काढा, मूळ डिस्कची बस बदला आणि बूट ऑर्डर तपासा. बस बदलली की बूट ऑर्डरमधली जुनी नोंद हमखास निसटते, आणि मग ‘बूटेबल डिव्हाइस सापडलं नाही’ या संदेशाला लोक ड्रायव्हरचा दोष समजतात.

ड्रायव्हर दोन आहेत आणि नावं फसवी आहेत. व्हर्टआयओ-ब्लॉकसाठी व्हायोस्टोर, व्हर्टआयओ-स्कझीसाठी व्हायोस्कझी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र व्हायोस्टोर ‘रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर’ या नावाने दिसतो आणि व्हायोस्कझी ‘रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर’ या नावाने. दोन्हींत ‘स्कझी’ आहेच. त्यामुळे नावावर जाऊ नका, हार्डवेअर आयडी बघा. व्हेंडर १एएफ४ आणि डिव्हाइस १००१ किंवा १०४२ असेल तर व्हायोस्टोर, १००४ किंवा १०४८ असेल तर व्हायोस्कझी. रिकामी डिस्क व्हर्टआयओ-ब्लॉकवर जोडून ड्रायव्हर बसवायचा आणि मूळ डिस्क व्हर्टआयओ-स्कझीवर न्यायची, ही चूक केली तर ७बी पुन्हा हजर.

बस आधीच बदलली गेली असेल आणि परत फिरणं शक्य नसेल, तर विंडोजच्या इन्स्टॉल आयएसओवरून बूट करून शिफ्ट आणि एफ१० दाबा. ‘ड्रायव्हलोड’ला व्हायोस्टोरच्या आयएनएफ फाइलचा मार्ग दिला की चालू असलेल्या सेटअपला डिस्क दिसू लागते. एवढ्यावर थांबू नका, कारण यातून डिस्कवरच्या विंडोजमध्ये काहीच बदलत नाही. पुढे ‘डिझम’ला इमेज म्हणून त्या विंडोजचं ड्राइव्ह द्या आणि ‘ॲड-ड्रायव्हर’ने तोच फोल्डर द्या. ड्राइव्हची अक्षरं इथे नेहमीसारखी असतीलच असं नाही. तुमचं सी कदाचित डी झालेलं असेल, म्हणून आधी ‘डिर’ करून विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा. विंडोज १० च्या ६४ बिटसाठी आयएसओमध्ये व्हायोस्टोर, त्यात डब्ल्यू१०, त्यात एएमडी६४ असा मार्ग आहे. इंटेलचा प्रोसेसर असला तरी फोल्डर एएमडी६४च.

आणखी एक युक्ती: ड्रायव्हर साठ्यात आहे पण बूट होत नाही, अशा वेळी आधी जुन्या बसवर बूट करून ‘बीसीडीएडिट’ने सेफबूट मिनिमल लावा, बंद करा, बस बदला आणि सुरू करा. सेफ मोडमध्ये विंडोज बऱ्याचदा नवा कंट्रोलर ओळखून नोंद करून घेतं. मग सेफबूटची व्हॅल्यू काढायला विसरू नका, नाहीतर मशीन कायम सेफ मोडमध्येच उठत राहील.

लिनक्स: इनिट-रॅमएफएसमध्ये काय भरलंय

लिनक्समध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर कर्नलबरोबर येतातच, तरी दुसऱ्या हायपरव्हायझरवरून आणलेली मशीन ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन पडते. कारण इनिट-रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर भरलेली छोटी इमेज, बनवणारा ड्रॅकट ‘होस्टओन्ली’ पद्धतीने चालत असेल तर ज्या हार्डवेअरवर इमेज बनली तेवढ्याचेच ड्रायव्हर आत भरतो. मशीन व्हीएमवेअरवर बनली असेल तर आत पीव्हीस्कझी किंवा एमपीटीएसपीआय असेल, हायपर-व्हीवर बनली असेल तर एचव्ही_स्टोरव्हीएससी. व्हर्टआयओचा पत्ता नाही. डेबियन घराण्यात इनिट-रॅमएफएसच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स’ला ‘मोस्ट’ असेल तर अडचण येत नाही. कोणी इमेज लहान करायला ‘डेप’ केलं असेल तर तोच प्रकार.

स्थलांतरापूर्वी, मशीन जुन्या जागी चालू असतानाच ‘ड्रॅकट’ फोर्स आणि नो-होस्टओन्ली देऊन चालवणं सगळ्यांत स्वस्त. नुसते हवे तेवढे ड्रायव्हर घालायचे तर ‘ॲड-ड्रायव्हर्स’मध्ये व्हर्टआयओ_बीएलके, व्हर्टआयओ_स्कझी आणि व्हर्टआयओ_पीसीआय. झाल्यावर ‘एलएसइनिटआरडी’च्या आउटपुटमध्ये व्हर्टआयओ शोधा. सापडलं नाही तर लगेच घाबरू नका. काही कर्नलमध्ये हे ड्रायव्हर आतच बांधलेले असतात, मॉड्यूल म्हणून नसतात. त्यांची यादी कर्नलच्या मॉड्यूल फोल्डरमधल्या ‘मॉड्यूल्स डॉट बिल्टइन’ फाइलमध्ये असते.

रेस्क्यू आयएसओवरून दुरुस्ती करताना एक सापळा आहे. सीएचरूट केल्यावर (डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरल्यावर) साधा ‘ड्रॅकट’ चालवला तर तो चालू कर्नलची आवृत्ती धरतो, आणि चालू कर्नल तर रेस्क्यू आयएसओचा. मॉड्यूल सापडत नाहीत किंवा भलतीच इमेज तयार होते. ‘रीजनरेट-ऑल’ आणि ‘फोर्स’ एकत्र द्या. सीएचरूटपूर्वी डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तिन्ही बाइंड केलेले असू द्या.

ड्रायव्हर असूनही मशीन अडली तर नावं बघा. आयडीई, साटा आणि व्हर्टआयओ-स्कझीवर डिस्क एसडीए, व्हर्टआयओ-ब्लॉकवर व्हीडीए, झेनवर एक्सव्हीडीए. एफएसटॅबमध्ये किंवा ग्रबच्या रूट पॅरामीटरमध्ये थेट एसडीए१ लिहिलेलं असेल तर ते बदलून यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक) करा. स्वॅपसाठी दिलेला ‘रिझ्यूम’ पॅरामीटर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यात जुनं नाव राहिलं तर बूट बराच वेळ थांबून मग पुढे सरकतो.

जुन्या गेस्टसाठी, म्हणजे व्हीएमच्या आत चालणाऱ्या जुन्या सिस्टिमसाठी, अजून एक. क्यू३५ मशीन टाइपवर व्हर्टआयओ डिव्हाइस पीसीआय एक्सप्रेस पोर्टवर बसतं आणि तिथे ते फक्त आधुनिक, म्हणजे व्हर्टआयओ १.० च्या रूपात दिसतं. सेंटओएस ६ सारख्या २.६.३२ कर्नलच्या मशीनला ती भाषा येत नाही. डिस्क जोडलेली असते, ड्रायव्हर इनिट-रॅमएफएसमध्ये असतो, आणि तरी डिस्क दिसत नाही. तिथे मशीन टाइप आय४४०एफएक्स ठेवा किंवा लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिस्कचं मॉडेल ‘व्हर्टआयओ-ट्रान्झिशनल’ करा.

‘ब्लॉक साइज’ म्हणजे नक्की कुठली?

इथे शब्दानेच घोटाळा केलाय. एकाच व्हीएमच्या डिस्कमागे निदान पाच वेगवेगळ्या ब्लॉक साइज असतात: डिस्क गेस्टला सांगते तो लॉजिकल सेक्टर, तीच सांगते तो फिजिकल सेक्टर, गेस्टच्या फाइलसिस्टिमचा ब्लॉक, इमेज फाइलचा क्लस्टर आणि होस्टच्या स्टोरेजचा ब्लॉक. वर फायो (वेग मोजणारं साधन) किंवा डीडीला (डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारी कमांड) दिलेला ‘बीएस’ हा सहावा, तो तर नुसता एका विनंतीचा आकार. यांपैकी मशीन उठू न देण्याची ताकद मुख्यतः लॉजिकल सेक्टरमध्ये. बाकीच्यांचा परिणाम बहुतांशी वेगावर आणि जागेवर होतो.

डिस्कचा सेक्टर पिढ्यान्‌पिढ्या ५१२ बाइटचा. २०१० च्या आसपास ४ केबीच्या फिजिकल सेक्टरच्या डिस्क रुळल्या. त्यांतल्या बहुतेक बाहेरून ५१२ असल्याचं सोंग करतात. त्यांना ५१२ई म्हणतात. सोंग न करता थेट ४०९६ सांगणाऱ्या त्या ४केएन.

लिनक्स गेस्टमध्ये ‘एलएसबीएलके’ला टी ऑप्शन दिला की पीएचवाय-सेक आणि लॉग-सेक हे रकाने दिसतात. एकाच डिस्कसाठी ‘ब्लॉकडेव्ह’ला गेटएसएस दिलं की लॉजिकल, गेटपीबीएसझेड दिलं की फिजिकल. विंडोजमध्ये ‘एफएसयूटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो’ला ड्राइव्हचं अक्षर द्या. हे आकडे काही बिघडायच्या आधीच नोंदवून ठेवलेले असले तर पुढचं अर्धं काम वाचतं.

क्यूएमूमध्ये (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) दोन्ही आकडे आपण सांगितले नाहीत तर ५१२ आणि ५१२. लिबव्हर्टमध्ये ते डिस्कच्या एक्सएमएलमध्ये ‘ब्लॉकआयओ’ या टॅगने देतात. आता ‘खालची डिस्क ४के आहे, तर गेस्टलाही ४०९६ सांगू’ असं म्हणून कोणी चालू मशीनच्या लॉजिकल सेक्टरला हात लावला, की काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे.

जीपीटीचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलचं, हेडर एलबीए १ वर, म्हणजे दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं. सेक्टर ५१२ चा असताना ते ५१२ व्या बाइटपासून लिहिलं गेलं. आता डिस्क म्हणते सेक्टर ४०९६ चा, तर फर्मवेअर आणि कर्नल ते ४०९६ व्या बाइटवर शोधतात. तिथे भलतंच काही असतं. शेवटच्या सेक्टरमधल्या बॅकअप हेडरचंही तेच. एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचं टेबल, शून्याव्या सेक्टरमध्ये असल्याने सापडतो, पण त्यातले आकडे सेक्टरमध्ये मोजलेले. २०४८ वर सुरू होणारं पार्टिशन पूर्वी २०४८ गुणिले ५१२ म्हणजे १०,४८,५७६ बाइटवर, बरोबर १ एमबीवर होतं. आता तोच आकडा ८ एमबीवर नेऊन उभं करतो. डेटा जागच्या जागी आहे, नकाशाची मोजपट्टी बदलली आहे.

इमेज कुठल्या मोजपट्टीने लिहिली गेली हे ओळखणं सोपं आहे. रॉ इमेजवर ‘हेक्सडम्प’ला सी ऑप्शन देऊन ५१२ पासून ८ बाइट वाचा, मग ४०९६ पासून ८ बाइट वाचा. जिथे ४५ ४६ ४९ २० ५० ४१ ५२ ५४ असे आकडे दिसतील तो मूळ लॉजिकल सेक्टर. जीपीटी हेडरची ही सही आहे. दोन्ही ठिकाणी सापडली तर कोणीतरी घाबरून नवीन पार्टिशन टेबल लिहून टाकलंय. तिथे थांबा आणि पुढचं सगळं इमेजच्या प्रतीवर करा.

यावरचा उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा: सेटिंग जसं होतं तसं करा. त्याआधी गेस्टमध्ये ‘डिस्क इनिशिअलाइझ करू का?’ असं विंडोजने विचारलं तर हो म्हणू नका. लिनक्समध्ये जीडिस्कला ‘दुरुस्त’ करायला सांगू नका. आतापर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं, बिघडेल ते इथेच.

४केएनवर लिहिलेली इमेज ५१२ च्या जगात उघडायची असेल तर ‘एलओसेटअप’ला सेक्टर-साइज ४०९६ आणि पार्टस्कॅन द्या. लूप डिव्हाइस ४०९६ चं सोंग घेतं आणि पार्टिशन दिसू लागतात. इमेज क्यूकाऊ२ (क्यूएमूचं स्वतःचं इमेज स्वरूप) असेल तर आधी ‘क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट’ने रॉ करा. यूएसबी डबीतून काढलेल्या डिस्कच्या इमेजमध्येही हाच घोळ सापडतो, कारण काही डब्यांचे कंट्रोलर ५१२ ची डिस्क बाहेर ४०९६ म्हणून दाखवतात.

लॉजिकल ४०९६ खरंच हवा असेल तर त्याच्या अटी कडक आहेत. क्यूएमूची आयडीई आणि साटा डिस्क ४०९६ स्वीकारतच नाही, साफ एरर देऊन थांबते. सीबायॉस, म्हणजे व्हीएमचं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, अशा डिस्कवरून बूट करत नाही, ओव्हीएमएफ म्हणजे यूईएफआयच लागतो. विंडोजमध्ये ८ आणि सर्व्हर २०१२ पासून पुढेच. विंडोज ७ ला ५१२ई चालतं, ४केएन नाही.

मग स्थलांतर. डिस्कची डीडीने प्रत करून भागत नाही. नवी डिस्क, नवं पार्टिशन टेबल, आणि त्यावर फाइलसिस्टिम. ४ केबी ब्लॉकची ईएक्सटी४ पार्टिशनच्या पातळीवर डीडीने नेली तरी चालते. १ केबी ब्लॉकची मात्र माउंट होणार नाही, कर्नल ब्लॉक साइज डिव्हाइसला फार लहान असल्याची तक्रार करतो. ईएफआयचं फॅट पार्टिशन ५१२ ने फॉरमॅट झालेलं असतं, ते नव्याने फॉरमॅट करून फाइली कॉपी करायच्या. एक्सएफएस आपला सेक्टर साइज सुपरब्लॉकमध्ये कायमचा लिहून ठेवते. तो ५१२ असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिव्हाइस ४०९६ बाइटचे सेक्टर देतं, ५१२ चे नाही’ अशा अर्थाची ओळ येते आणि माउंट नाकारला जातो. ‘एक्सएफएस_इन्फो’मधला ‘सेक्टएसझेड’ आधीच बघून घ्या.

ही एक्सएफएसची गोष्ट उपयोगाची आहे. फॉरमॅट करताना ती सेक्टर साइज फिजिकल आकड्यावरून ठरवते. डिस्कने लॉजिकल ५१२ आणि फिजिकल ४०९६ सांगितलं असेल तर फाइलसिस्टिम ४०९६ ची बनते आणि उद्या खऱ्या ४केएनवरही चढते. माझ्या मते नव्या व्हीएमसाठी हेच सेटिंग ठेवावं: लॉजिकल ५१२, फिजिकल ४०९६. सगळे बूटलोडर चालतात, जुने गेस्ट चालतात आणि समजूतदार गेस्ट आपणहून ४ केबीच्या पटीत लिहितात. लॉजिकल ४०९६ करून वेग वाढतो हा समज बहुतेक ठिकाणी फोल आहे, कारण आधुनिक फाइलसिस्टिम तशाही ४ केबीतच लिहितात.

एलव्हीएममध्ये (अनेक डिस्क एकत्र करणारी लिनक्सची सोय) वेगवेगळ्या लॉजिकल सेक्टरच्या डिस्क एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालू गेलात तर ‘इनकन्सिस्टंट लॉजिकल ब्लॉक साइझेस’ म्हणून तो नकार देतो. मिश्रणाला परवानगी देणारं सेटिंग आहे, पण वापरू नका. ५१२ च्या डिस्कवरची एक्सएफएस पीव्हीमूव्हने ४०९६ वर सरकली की पुढच्या माउंटला रडायची वेळ येते.

फिजिकल आकडा बदलल्याने बूट अडत नाही, पण काही डेटाबेसना तो जाणवतो. एसक्यूएल सर्व्हर ट्रान्झॅक्शन लॉग सेक्टरच्या हिशेबाने लिहितो. ५१२ वर बनलेला लॉग ४०९६ सांगणाऱ्या डिस्कवर आला की एरर लॉगमध्ये मिसअलाइन्ड लॉग आयओमुळे सिंक्रोनस आयओवर यावं लागल्याच्या ओळी जमू लागतात. डेटा सुरक्षित असतो, लिहिणं मंदावतं. अव्हेलेबिलिटी ग्रुपच्या दोन बाजूंना वेगळे सेक्टर असतील तर त्यावर ट्रेस फ्लॅग १८०० हा ठरलेला उपाय आहे.

चालतंय पण हळू

जुन्या मशीनमध्ये पहिल्यांदा पार्टिशनची सुरुवात बघा. विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू व्हायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. याला ४०९६ ने भागलं तर ३५८४ उरतात. म्हणजे गेस्टचा प्रत्येक ४ केबीचा ब्लॉक खालच्या दोन सेक्टरांवर पाय देऊन उभा. तो लिहायचा तर दोन्ही सेक्टर आधी वाचा, तुकडा बदला, दोन्ही परत लिहा. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सुरुवात १ एमबीवर आली, त्यामुळे नव्या मशीनमध्ये हा प्रश्न नाही. पण प्रत्यक्ष संगणकावरून व्हीएममध्ये ओढून आणलेल्या म्हाताऱ्या मशीन अजून सापडतात. ‘व्हर्ट-अलाइनमेंट-स्कॅन’ मशीन सुरू न करताच सांगतं, आणि ‘व्हर्ट-रिसाइज’ नव्या इमेजमध्ये कॉपी करताना सुरुवात नीट करून देतं. मशीन बंद असतानाच वापरा.

क्यूकाऊ२ चा क्लस्टर डिफॉल्ट ६४ केबीचा असतो, ५१२ बाइट ते २ एमबीपर्यंत ठेवता येतो. क्लस्टर कुठे आहे हे शोधायला एल२ तक्ता लागतो, एका क्लस्टरला ८ बाइट. म्हणजे ८ जीबी डिस्कमागे १ एमबी तक्ता. लिनक्सवर एल२ कॅशे कमाल ३२ एमबी, तेव्हा २५६ जीबीपर्यंतची डिस्क त्यात मावते. ५०० जीबीच्या डिस्कवर डेटाबेस सगळीकडे उड्या मारत असेल तर ६२.५ एमबी तक्ता लागतो. निम्मा कॅशेबाहेर राहतो आणि एका वाचनामागे दुसरं वाचन लागतं. एल२ कॅशे ६४ एमबी करा, किंवा नव्या इमेजला क्लस्टर १२८ केबी द्या. आहे त्या इमेजचा क्लस्टर बदलत नाही, कन्व्हर्ट करून नवीन इमेजच बनवावी लागते.

क्लस्टर मोठा केला की दुसरं टोक दुखतं. बॅकिंग फाइलवर, म्हणजे खालच्या मूळ इमेजवर, उभ्या असलेल्या इमेजमध्ये ४ केबी पहिल्यांदा लिहिले की अख्खा क्लस्टर भरावा लागतो. २ एमबीचा क्लस्टर असेल तर ४ केबीपायी २ एमबीची ने-आण. स्नॅपशॉटची साखळी वापरणाऱ्यांनी म्हणून आंधळेपणाने २ एमबी करू नये. क्यूएमू ५.२ पासून ‘एक्स्टेंडेड एल२’ मिळतं. त्यात एका क्लस्टरचे ३२ उपक्लस्टर होतात. १२८ केबीच्या क्लस्टरचा उपक्लस्टर बरोबर ४ केबीचा. तक्त्याची नोंद मात्र १६ बाइटची होते, तेव्हा कॅशेचा हिशेब पुन्हा करा.

खाली झेडएफएस असेल तर झेडव्हॉलचा (झेडएफएसमधून व्हीएमला दिलेल्या डिस्कचा) ‘व्हॉलब्लॉकसाइज’ बघा. पूर्वी डिफॉल्ट ८ केबी होता, ओपनझेडएफएस २.२ पासून १६. सहा डिस्कच्या रेडझेड२ वर (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी), ॲशिफ्ट १२, म्हणजे सेक्टर ४ केबीचा असताना, ८ केबीचा ब्लॉक म्हणजे डेटाचे २ सेक्टर आणि पॅरिटीचे २. झाले ४. पण रेडझेड२ जागा ३ च्या पटीत देतं, म्हणून ६. सहा सेक्टर म्हणजे २४ केबी. ८ केबी ठेवायला २४ केबी! १६ केबीचा ब्लॉक घेतला तर डेटाचे ४ आणि पॅरिटीचे २ मिळून तेवढेच ६. ‘पूल एवढ्या लवकर कसा भरला?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. हा आकडाही तयार झेडव्हॉलवर बदलत नाही. नवा झेडव्हॉल बनवून त्यात डीडी करा. प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेजचा ब्लॉक साइज बदलून डिस्क दुसरीकडे हलवून परत आणली की काम होतं. खूप मोठाही घेऊ नये. पोस्टग्रेसची पानं ८ केबीची, इनोडीबीची १६ ची. त्यांच्याखाली १२८ केबीचा ब्लॉक म्हणजे प्रत्येक पानापायी १२८ केबीची उचल-ठेव.

हायपर-व्हीच्या डायनॅमिक व्हीएचडीएक्सचा ब्लॉक ३२ एमबीचा असतो. ईएक्सटी४ आपला मेटाडेटा डिस्कभर शिंपडते, त्यामुळे रिकाम्या लिनक्स मशीनचीही फाइल फुगते. ‘न्यू-व्हीएचडी’ला ब्लॉकसाइजबाइट्स १ एमबी द्या. जुनं व्हीएचडी स्वरूप ४के डिस्कवर अलाइनमेंट पाळत नाही, ते बदलून व्हीएचडीएक्स करून टाका. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएफएसचा ब्लॉक १, २, ४ की ८ एमबी ठेवावा याच्या जुन्या चर्चा अजून सापडतात. त्या व्हीएमएफएस ३ च्या. ५ पासून १ एमबी ठरलेला आहे, त्यावर वेळ घालवू नका.

कॅशेचं थोडक्यात: कॅशे ‘नन’ म्हणजे ओ-डायरेक्ट, होस्टचा कॅशे टाळून थेट डिस्कवर. ‘एआयओ नेटिव्ह’ त्याच्याबरोबरच चालतो, नाहीतर क्यूएमू सुरूच होत नाही. होस्टची डिस्क ४केएन आणि गेस्टला ५१२ सांगितलेलं, अशा जोडीत गेस्टने ५१२ चा तुकडा लिहिला तर वाचा-बदला-लिहा हे काम क्यूएमू स्वतः करतो. ‘ओ-डायरेक्ट अलाइनमेंट सापडली नाही’ असा एरर आला तर खालची फाइलसिस्टिम ओ-डायरेक्टला तयार नाही. गेस्टच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही.

मोजायला फायो घ्या, डीडी नको. डायरेक्ट १, रँडराइट, बीएस ४ केबी, आयओडेप्थ एकदा १ आणि एकदा ३२. मग तेच बीएस १ एमबी सिक्वेन्शियलने. १ एमबीला वेग ठीक आणि ४ केबीला कोसळतो, तर अलाइनमेंट, क्लस्टर किंवा झेडव्हॉल. दोन्ही मंद, तर बस अजून आयडीईवर आहे का ते बघा. डेप्थ ३२ ला आकडा जवळपास १ एवढाच राहिला तर रांग कुठेतरी एकेरी झाली आहे. आयडीई बसवर हे दिसणारच. चाचणी नेहमी फाइलवर करा, व्हीडीए थेट दिलात तर फायो निमूटपणे डेटावर लिहून मोकळा होतो. आणि थिन, म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या, इमेजवर पहिल्या फेरीचे आकडे टाकून द्या, त्यात क्लस्टर वाटपाचा वेळ मिसळलेला असतो. तीच फाइल ठेवून दुसरी फेरी घ्या, आणि तोच फायो होस्टवरही चालवा. होस्टवरच मंद असेल तर गेस्टमध्ये शोधण्यासारखं काही नाही.